एमिलच्या फळ्या

माझ्या थोरल्या बहिणीनं, गेर्डानं, व्हिगो लिनेगोर या सुताराशी लग्न ठरवलं तेव्हा आमच्या वडिलांनी चार दिवस अबोला धरला होता. ते बंदरात गलबतं आत आणायचं काम करत. त्यांच्या मते माणसाचा धंदा म्हणजे समुद्राचा, बाकी सगळं पोटासाठी केलेली खटपट. सुताराच्या घरात भुशाशिवाय काही साठत नाही, असं ते म्हणायचे. पुढे व्हिगोच्या साइडबोर्डांचे, म्हणजे जेवणघरातल्या लांब बुटक्या कपाटांचे, फोटो मासिकांत छापून यायला लागले, अमेरिकेतले लोक आमच्या हेल्सिंगोर गावाचा पत्ता विचारत आमच्या गल्लीत यायला लागले. ते बघायला वडील राहिले नाहीत.

व्हिगो नुसता सुतार नव्हता. वस्तू कशी दिसावी हे तोच ठरवायचा, कागदावर तोच काढायचा आणि तोच करायचाही. आमच्याकडे तेव्हा बहुतेक ठिकाणी काढणारा वेगळा आणि करणारा वेगळा असे. व्हिगोला ते जमत नसे. मासळी बांधून आलेल्या कागदावर तो पेन्सिलीनं रेघा ओढत बसे आणि समोरचा राय धान्याचा काळा पाव नि हेरिंग मासा तसाच राही. बोलायला अगदी कमी. हसू आलं तर खाली मान घालून हसायचा, जणू हसणंसुद्धा दुसऱ्याचं उसनं आणलंय.

मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायला आले ते युद्ध संपल्यावर, गावातल्या शाळेत शिवण शिकवायला लागले तेव्हा. त्याआधीचं जे सांगते ते गेर्डाकडून ऐकलेलं आहे, आणि काही नंतर व्हिगोच्याच तोंडून.

त्याचा एकच जिवलग मित्र, एमिल नाथान. मोठ्या रस्त्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. व्हिगो जितका मुका तितका एमिल बोलका. रविवारी सकाळी तो कॉफीला यायचा आणि दारातूनच सुरू व्हायचा, "गेर्डा, तुझ्या नवऱ्यानं या आठवड्यात किती शब्द खर्च केले? उरले असतील तर मला दे." व्हिगो खाली मान घालून हसायचा. अशी त्यांची मैत्री.

एमिलचे वडील जहाजांना माल पुरवायचे. त्यांनी कधीकाळी क्युबाहून महोगनीच्या काही फळ्या आणवल्या होत्या. जेवणाच्या टेबलाएवढ्या रुंद, एकेका झाडातून एकसंध कापलेल्या. तसलं लाकूड पुढे मिळेनासंच झालं. वडील गेल्यावर एमिलनं त्या व्हिगोच्या कारखान्याच्या माळ्यावर आणून ठेवल्या, कारण तिथं कोरडं होतं. मुलगी मिर्याम तेव्हा लहान होती. तिच्या लग्नात या लाकडाचं साइडबोर्ड करायचं, लाकूड एमिलचं आणि डोकं व्हिगोचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. एमिल अधूनमधून माळ्यावर चढून त्या फळ्यांवर हात फिरवून यायचा आणि म्हणायचा, "पोरीपेक्षा याच लवकर लग्नाच्या होतील."

मग जर्मन आले, आणि त्रेचाळीसच्या शरदात ज्यू लोकांची धरपकड सुरू होणार अशी खबर आली. एमिल, त्याची बायको ईडा आणि मिर्याम व्हिगोच्या कारखान्यात येऊन लपले. दोन दिवस ती तिघं त्याच माळ्यावर होती. खाली व्हिगो मुद्दाम करवत चालवत बसायचा, म्हणजे वरचा खोकलासुद्धा ऐकू जाऊ नये. तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्या वडिलांच्या ओळखीच्या एका कोळ्याला गाठलं आणि तिघांना स्वतः होडीपर्यंत पोहोचवलं. आमच्या किनाऱ्यावरून स्वीडन दिसतं. माणूस पकडला गेला नाही तर तासाभराचा प्रवास. पकडला गेला तर व्हिगोचंही काही खरं नव्हतं. हे सगळं त्यानं केलं, आणि त्याबद्दल तो कधी एक अक्षर बोलला नाही. ही गोष्ट गावाला सांगितली ती एमिलनं.

पण तिचा पुढचा भाग एमिलला ठाऊक नव्हता.

पुढचं वर्ष उजाडलं तसं लाकूड मिळेनासं झालं. मिळायचं ते बीच झाडाचं ओलं लाकूड, दोन महिन्यांत पिळवटणारं. कारखान्यात शुकशुकाट. व्हिगोच्या डोक्यात मात्र कित्येक वर्षांपासून एक साइडबोर्ड होतं. लांब, बुटकं, बारीक पायांवर उभं. दारं बिजागरीची नाहीत, तर बारीक उभ्या पट्ट्या कॅनव्हासवर चिकटवून केलेली. ढकललं की ती कोपऱ्यातून वळून पाठीमागे सरकत जाणार आणि दिसेनाशी होणार. वरची फळी एकसंध हवी, जोड नको. कोपनहेगनला सुतारांचं प्रदर्शन भरायचं, त्यात मांडायचं त्याच्या मनात होतं. रेघा मारून झाल्या होत्या, लाकूड नव्हतं.

एक दिवस तो माळ्यावर गेला. नुसतं बघायला गेलो होतो, असं त्यानं पुढे मला सांगितलं. त्या फळ्यांवरची धूळ त्यानं बाहीनं पुसली. थुंकी लावून बोट ओढलं, आणि खालचा तांबूस रंग वर आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिली फळी खाली आणली. गेर्डानं विचारलं, ही एमिलची ना? तो म्हणाला, एमिल येईल तेव्हा मी भरून देईन. गेर्डा म्हणाली, कुठून? तो फळी घेऊन आत गेला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

ते साइडबोर्ड प्रदर्शनात गेलं, आणि व्हिगोचं नाव झालं. लोक दारं सरकवून बघायला रांग लावत. हिलरोड गावच्या एका औषधवाल्यानं, होल्बेक नावाच्या, ते तिथल्या तिथं विकत घेतलं. उरलेल्या फळ्यांच्या व्हिगोनं दोन पेट्या आणि एक मेज केलं, आणि माळा रिकामा झाला.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात एमिल कुटुंबासकट परत आला. त्याचं घर शेजाऱ्यांनी झाडूनपुसून ठेवलं होतं, कुंड्यांना पाणी घातलं होतं. दुकानातली घड्याळं कुणीतरी किल्ली देऊन चालू ठेवली होती. गावात अशी माणसं होती. एमिल दुसऱ्याच दिवशी कारखान्यात आला. व्हिगोला मिठी मारली, रडला, मग माळ्याकडे बघून सहज म्हणाला, "आणि माझी सावत्र पोर कशी आहे?"

व्हिगो म्हणाला, "जर्मन आले होते झडतीला. फळ्या घेऊन गेले. शेगडीत घातल्या असतील."

एमिलनं व्हिगोचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "अरे, तू मला माणसं परत दिलीस. लाकडाचं काय तोंड पाडून सांगतोस?"

गेर्डा म्हणते, त्या दिवशी संध्याकाळी व्हिगो जेवला नाही. एमिल रागावला असता, चार प्रश्न विचारले असते, तर कदाचित तिथंच खरं बाहेर पडलं असतं. पण एमिलनं विश्वास ठेवला, आणि तोही इतक्या पटकन, की मग बोलायला जागाच राहिली नाही.

त्यानंतरची तेरा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली. एमिलला ती होडीची गोष्ट सांगायची फार हौस. वाढदिवस असो, मुक्तिदिनाचा कार्यक्रम असो, दुकानात आलेलं नवं गिऱ्हाईक असो, तो सांगायचाच. सांगताना व्हिगोकडे बोट दाखवायचा. व्हिगो उठून खोलीबाहेर जायचा. लोक म्हणत, केवढा विनय आहे या माणसात. शाळेत आमच्या मुख्याध्यापकांनी मुलांना एकदा त्याचं उदाहरण दिलं होतं, मोठं काम करून खाली मान घालणारा माणूस म्हणून. मला तेव्हा अभिमान वाटला होता. घरी येऊन मी ते कौतुकानं सांगितलं तर व्हिगो पान अर्धवट टाकून उठला, आणि गेर्डानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही चूक केल्यासारखं मला वाटलं. त्याच आठवड्यात तिनं मला सगळं सांगितलं.

मी तिला म्हटलं, मग सांगून का टाकत नाही तो? गेर्डा म्हणाली, "सांगायला गेलं की एमिल पुन्हा मिठी मारेल. आणि पुन्हा म्हणेल, लाकडाचं काय एवढं. ते त्याला सोसायचं नाही."

दरम्यान धंदा वाढला. सयामचं सागवान यायला लागलं होतं, व्हिगोनं त्याच नमुन्यावर सागवानी साइडबोर्डं करायला घेतली. हाताखाली कारागीर आले, ते त्याला 'मेस्टर', म्हणजे उस्ताद, म्हणायचे. मिर्यामचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं सगळी कामं बाजूला ठेवली आणि तिच्यासाठी एक साइडबोर्ड स्वतःच्या हातानं केलं. कुणाला रंधा लावू दिला नाही. आतले खण, कप्पे, पाठीची फळीसुद्धा इतकी घोटलेली, की उलटं उभं केलं तरी चाललं असतं. भेट म्हणून दिलं. लग्नाच्या जेवणात एमिल चमचा पेल्यावर वाजवून उभा राहिला आणि म्हणाला, आमची महोगनी जर्मनांनी जाळली, पण त्यामुळं माझ्या पोरीला हे मिळालं, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा जर्मनांचे आभार मानायला हवेत. सगळे हसले. व्हिगो उठून परसात जाऊन उभा राहिला. मी त्याचा कोट घेऊन बाहेर गेले, कारण थंडी होती. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. कोट घेतला, पण मागे वळला नाही.

अठ्ठावन्न साली त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे पन्नाशी म्हणजे सगळ्या गावाचा सण. वाचनालयाच्या मंडळींनी परस्पर ठरवलं की त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं, आणि ठिकठिकाणच्या घरांतून वस्तू मागवल्या. व्हिगोला कळलं तेव्हा बरंच पुढे गेलेलं होतं. त्यानं ग्रंथपालाला गाठून सांगितलं, युद्धातलं काही नको, ते कच्चं काम आहे. ग्रंथपाल उत्साही बाई होती. ती म्हणाली, छे, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं. हिलरोडच्या होल्बेकबाईंनी आनंदानं कबूल केलंय.

तर त्या शनिवारी दुपारी वाचनालयाच्या दालनात मधोमध ते साइडबोर्ड उभं होतं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि वरच्या फळीवर पडलं होतं. लाकूड आतून पेटल्यासारखं दिसत होतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण तेवढ्या सागवानी वस्तूंमध्ये हे एकच जिवंत आहे असं वाटलं. औषधवाला होल्बेक वारला होता. त्याची विधवा शेजारी खुर्चीत बसली होती, मालकिणीच्या ऐटीत.

एमिल मिर्यामला घेऊन आला. आधी इकडेतिकडे फिरला, ओळखीच्यांची टिंगल केली, मग या साइडबोर्डपाशी येऊन थांबला. दार ढकललं. ते आवाज न करता वळून मागे गेलं. त्यानं पुन्हा ओढलं, पुन्हा ढकललं, घड्याळजीच्या कौतुकानं. ग्रंथपालबाई पुढे झाली आणि सांगू लागली, की चव्वेचाळीस साली देशात लाकडाची ढलपी मिळत नव्हती, तेव्हा यांनी हे क्युबाच्या महोगनीत केलं.

एमिलनं वळून व्हिगोकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही संशय नव्हता, नुसतं कुतूहल. "व्हिगो, तेव्हा महोगनी कुठून पैदा केलीस रे?"

होल्बेकबाई मध्येच म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या पुष्कळ ओळखी होत्या, त्यांनीच कुठून तरी मिळवून दिली असेल. म्हणजे उत्तर तयार होतं. व्हिगोनं नुसती मान हलवायची होती. मी गेर्डाकडे पाहिलं, ती हातमोजे पिळत होती.

व्हिगो म्हणाला, "तुझी आहे."

"काय माझी?"

"महोगनी. माळ्यावरची. जर्मन कधी आलेच नव्हते, एमिल. मी कापली."

एमिलनं हात फळीवर ठेवला, तिथंच ठेवून राहिला. मग म्हणाला, "आम्ही तिकडे होतो तेव्हा?"

"हो. पहिल्याच हिवाळ्यात."

"आम्ही परत येऊ असं तुला वाटलं नव्हतं?"

व्हिगो म्हणाला, "फळी खाली आणली, तेव्हा तुम्ही येणार नाही असं धरून चाललो. तसं धरल्याशिवाय करवत लावता आली नसती."

मिर्याम मागे सरकली. एमिलनं हात काढून घेतला आणि रुमालानं पुसला.

"जर्मनांनी आमचं खूप नेलं, व्हिगो," तो म्हणाला. "तुझं त्यांच्या नावावर घालायची गरज नव्हती. आणि मी तेरा वर्षं ते लोकांना सांगत फिरलो." मग तो मिर्यामला घेऊन निघून गेला.

संध्याकाळी पन्नाशीचं जेवण होतं, पाहुणे आले होते, ते रद्द करता येईना. एमिलची खुर्ची रिकामी. जेवण अर्ध्यावर आल्यावर व्हिगो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो चार माणसांत बोलला, आणि त्यानं सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि मग त्याची समजूत घालायला लागले. अरे, लाकूडच ना शेवटी. तू तिघांचा जीव वाचवलास, तो काय तराजूत हलका आहे? एमिललाही पटेल, राग ओसरेल. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून पेला भरला. व्हिगो खाली बसला आणि त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते विसरत नाही. मोकळं वाटायच्या ऐवजी तो आणखी कोंडला होता. नंतर मला म्हणाला, "तुम्ही कुणी मला लाजूसुद्धा देत नाही. एका एमिलनं तेवढी माझी लाज खरी धरली."

दुसऱ्या आठवड्यात तो हिलरोडला होल्बेकबाईंकडे गेला. त्यांना तो म्हणाला, तुम्ही सांगाल तसं नवं करून देतो, पण हे मला परत द्या. बाई आधी चिडल्या. आमच्या घरात चोरीची वस्तू उभी करून ठेवलीत, असंही म्हणाल्या, आणि ते त्यानं ऐकून घेतलं. शेवटी कबूल झाल्या. व्हिगोनं साइडबोर्ड गाडीवर घालून आणलं आणि तसंच एमिलच्या दारात नेलं. मी सोबत होते, दोऱ्या धरायला.

एमिल दारात आला. आत या म्हणाला नाही.

"तुझं आहे ते आणलंय," व्हिगो म्हणाला.

"लाकूड माझं होतं," एमिल म्हणाला. "हे माझं नाही. हे तू केलंस. घरी ने आणि रोज बघत जा."

मग ते आमच्या दिवाणखान्यात आलं. गेर्डानं त्यात काही ठेवलं नाही. टेबलक्लॉथ, बशा, चांदीचे चमचे, सगळं जुन्याच कपाटात राहिलं. व्हिगो समोरच्या खुर्चीत बसायचं टाळायचा. खोलीत आला की नजर दुसरीकडे. रविवारची कॉफी आम्ही तिघंच प्यायचो. रस्त्यात एमिल दिसला तर टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. मिर्यामनं तिच्या घरातलं सागवानी साइडबोर्ड परत पाठवलं नाही, पण घरी बोलावणंही बंद झालं. गेर्डानं एकदा म्हटलं, आपण ईडाकडे जाऊन पाहू का? व्हिगो म्हणाला, "नको. पुन्हा मिठी मारायला लावायची का त्याला?"

हिवाळा गेला, ईस्टर झाला. एका रविवारी सकाळी दार वाजलं, मी उघडलं तर एमिल. थट्टा नाही, काही नाही. टोपी काढली, सरळ दिवाणखान्यात गेला, खुर्ची ओढून साइडबोर्डच्या समोर बसला. व्हिगो आतून आला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

"बस," एमिल म्हणाला. "पहिली फळी कुठली कापलीस ते सांग. तिथपासून."

व्हिगोनं सांगितलं. मी कॉफी घेऊन आत-बाहेर करत होते, तेव्हा तुकड्यातुकड्यानं ऐकलं. वरच्या फळीसाठी कुठली निवडली, ती का, दारांच्या पट्ट्या एकाच फळीतून ओळीनं काढल्या म्हणून रेषा अखंड कशा राहिल्या. सरस थंडीत आळत होता म्हणून गेर्डाच्या चुलीवर कसा गरम ठेवावा लागला. एमिल मध्येमध्ये विचारत होता. दारांच्या वळणाबद्दल त्यानं खोदून खोदून विचारलं. व्हिगो बोलत गेला, आणि बोलता बोलता त्याचे हात हलायला लागले, हवेत ती वस्तू घडवायला लागले. मग एकदम ते मांडीवर पडले.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "त्या हिवाळ्यात मी सुखात होतो, एमिल. तुम्ही कुठं आहात, जगलात की नाही, ठाऊक नव्हतं. आणि मी सकाळी शीळ घालत कारखान्यात जायचो. तसा आनंद मला पुढे कधी झाला नाही."

एमिलनं दार एकदा सरकवलं. "सुंदर झालंय," तो म्हणाला. "तेच तर अवघड आहे. वाईट झालं असतं तर मी तुला केव्हाच माफ करून टाकलं असतं."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, तेव्हाही आणि नंतरही. कॉफी मात्र प्याला. त्यानंतर तो अधूनमधून यायचा, पूर्वीसारखा दर रविवारी नाही.

होडीची गोष्ट सांगणं त्यानं सोडलं नाही. ती आता पूर्ण सांगायचा. यानं आम्हाला होडीत बसवलं, आणि मग माझं लाकूड कापलं. यानंच, असं म्हणून बोट दाखवायचा. ऐकणारे अवघडायचे, कुणी हसून विषय बदलायला बघायचं. व्हिगोचा चेहरा कानापर्यंत लाल व्हायचा. पण आता तो उठून जात नसे. खाली मान घालून, शेवटचं वाक्य होईपर्यंत, जागेवर बसून राहायचा.